बारा नंबरचा पाना

रविवारी संध्याकाळी आठला पाच कमी असताना आमच्या शिंप्याच्या दुकानात सव्वीस माणसं कोंबली होती. नऊ खुर्च्या, दोन बाकं, कापडाच्या ताग्यांवर चार पोरं आणि शिलाई मशीनवर आत्या. "इथूनच टीव्ही सरळ दिसतो," असं तिचं म्हणणं. ती बाबांची थोरली बहीण, त्यामुळे बाबा तिला जास्तीत जास्त "ताई, पायडलवर पाय नको ठेवूस" एवढंच म्हणू शकतात. ते त्यांनी तीनदा म्हटलं. पाय पायडलवरच होता.

ही गर्दी मी जमवली होती. गेले पंधरा दिवस वर्गाला आणि गल्लीला मी बजावून ठेवलं होतं, "माझी आई टीव्हीवर येणार आहे. जो बघणार नाही त्याच्याशी मी बोलणार नाही." ही धमकी अलीकडेच कामाला यायला लागली आहे. गेल्या वर्षीपर्यंत मी बोलतच नव्हते, मग धमकावणार काय? हजेरीला माझं "हजर" पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचायचं नाही, म्हणून सगळे मला म्याऊ म्हणायचे. मग शाळेच्या नाटकात सेनापती झालेल्या मुलीला ऐन वेळी कांजिण्या आल्या आणि तिचं चिलखत फक्त मलाच बसत होतं. मी रंगमंचावर जाऊन पहिलं वाक्य टाकलं आणि तिसऱ्या रांगेतलं तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. तेव्हापासून मी तोफ. मला हे नाव भयंकर आवडतं.

माझी आई विमानवाहू जहाजावर काम करते. म्हणजे ज्या जहाजाच्या पाठीवरून लढाऊ विमानं उडतात आणि परत येऊन उतरतात, त्यावर. ती विमानांची इंजिनं दुरुस्त करते. वर्षातले सहा-सात महिने ती समुद्रावर असते आणि घरी बाबा आणि मी असतो, आणि शेजारी आत्या, जी पोस्टात काउंटरवर बसते आणि आमच्या घरात काय शिजतंय यावर लक्ष ठेवते. टीव्हीवाले तीन आठवडे त्या जहाजावर राहिले होते. त्यांनी पंधराशे माणसांचं तरंगतं गाव टिपलं होतं, आणि आता बावन्न मिनिटांत ते आम्हाला दिसणार होतं.

आठ वाजले. सुरुवातीला नुसता समुद्र, आणि एक जड आवाज. निवेदकाचा तो आवाज असा होता की जणू सगळं जग नुकतंच बुडालंय आणि हा एकटाच सांगायला उरलाय. मग जहाजाचा डेक दिसला. डेक म्हणजे जहाजाचं सपाट छप्पर, त्यावरच धावपट्टी. एक विमान आलं, त्याच्या शेपटीच्या आकड्याने आडवी तार पकडली आणि ते जागच्या जागी थांबलं. दुकानातल्या सव्वीस जणांनी एकदम श्वास घेतला.

"पिवळ्या अंगरख्यातले विमानांना रस्ता दाखवतात!" मी ओरडले. "जांभळे इंधनवाले! हिरवे दुरुस्तीवाले! आई हिरव्यात!"

"अगं, तो टीव्हीतला माणूस तेच सांगतोय," आत्या म्हणाली. "त्याला जरा त्याचं काम करू दे."

आणि मग आई दिसली! कानांवर मोठी गोल झाकणं घातलेली, कपाळावर काळं तेल, हिरवा अंगरखा. तिने तिचा हत्यारांचा डबा उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावलेला फोटो होता. माझा! सातव्या वर्षीचा, वरचे दोन दात पडलेले. आई कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "ही माझी लेक. आधी बोलायची नाही. आता थांबायची नाही. डबा उघडला की आधी ही भेटते, मग कामाला लागते." कॅमेरा माझ्या फोटोपाशी जाऊन थांबला. चाळीस सेकंद! सव्वीस जणांनी टाळ्या वाजवल्या. ताग्यांवरच्या पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. माझे कान इतके तापले की त्यावर कापडाला इस्त्री करता आली असती.

तिथेच टीव्ही बंद पडला असता तर बरं झालं असतं.

साधारण पंधरा मिनिटांनी तोच डबा परत दिसला. त्यात प्रत्येक हत्यारासाठी त्याच्याच आकाराची खाच कापलेली असते आणि खाचेखाली नंबर. एक खाच रिकामी होती. बारा नंबर. मग भोंगा. मग विमानं एका जागी उभी. मग आईचा चेहरा, खाली बघणारा. आणि निवेदकाचा आवाज: "बोटाएवढा एक पाना हरवतो, आणि संपूर्ण जहाज थांबतं. एका तंत्रज्ञाची क्षणभराची बेफिकिरी. चार तास एकही विमान उडू शकत नाही." मग शेकडो माणसं डेकवर खाली माना घालून चालताना दिसली, आणि पुढच्याच क्षणी जहाजाचा भटारखाना, भट्टीतून निघणारे पाव.

दुकानात कोणीतरी खुदकन हसलं.

"चार तास?" किराणा दुकानवाले काका म्हणाले. "माझा माणूस चार मिनिटं किल्ली हरवतो तरी मी त्याला सोडत नाही."

बाबांनी आवाज कमी केला. का ते मला कळलं नाही, आवाज कमी केल्याने झालेलं परत जात नाही. कार्यक्रम संपला तेव्हा सगळे जरा जास्तच पटकन उठले. "छान होतं हं," असं म्हणत गेले. त्यातला "हं" मला रात्रभर टोचला.

सोमवारी माझ्या बाकावर खडूने पाना काढलेला होता. मधल्या सुट्टीत मागच्या रांगेतून आवाज आला, "तोफ, सापडला का गं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यातून म्याऊ बाहेर आलं. खरंच सांगते. एका वर्षाची कमाई एका पान्याने नेली.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे मला काय खटकत होतं ते कळेल.

जहाजावर रोज उड्डाणांच्या आधी वेचणी होते. म्हणजे हाताला लागेल तो माणूस डेकवर येतो, खांद्याला खांदा लावून रांग करतो आणि ती रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाते. खिळा, खडा, बटण, तारेचा तुकडा, दिसेल ते वेचायचं. कारण इंजिन हवा ओढतं तेव्हा डेकवरचं काहीही ओढतं, आणि शेंगदाण्याएवढा स्क्रू आत गेला तर विमान आणि त्यातला माणूस दोन्ही गेले. आईने हे घरी आणलं. शिंप्याच्या घरात टाचण्या आणि सुया म्हणजे पावलोपावली पेरलेल्या. म्हणून आई सुट्टीवर असली की रोज दुकान बंद करताना आम्ही तिघं रांगेत उभे राहून दारापासून मोरीपर्यंत चालतो. भिंतीवर फळी आहे, तिच्यावर बाबांच्या प्रत्येक कात्रीचा आकार आईने रंगाने काढून ठेवलाय. आकार रिकामा दिसला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. आणि ज्याच्या हातून काही हरवलं असेल त्याने हात वर करून सांगायचं. सांगणाऱ्याला कोणी ओरडायचं नाही. हा नियम पक्का.

मी म्याऊ होते तेव्हा एकदा माझ्याकडून सुई पडली आणि मी हात वर केला नाही. ती तीन दिवसांनी सापडली. बाबांच्या टाचेत. आई तेव्हाही ओरडली नाही, ती फक्त बाबांच्या पायाला पट्टी बांधताना मला म्हणाली, "बघून घे." अजून दिसते मला ती पट्टी.

तर अशी बाई बेफिकीर कशी असेल? माझं उत्तर तयार होतं: नाहीच. पाना दुसऱ्या कोणाचा तरी असणार आणि दाखवला आईच्या नावावर.

मंगळवारी आईचा फोन आला. जहाजावरून फोन म्हणजे पाच मिनिटं, त्यातली दोन "ऐकू येतंय का" मध्ये जातात.

"कसा झाला गं कार्यक्रम? आम्हाला इथे काही दिसलं नाही, सिग्नलच नव्हता."

"मस्त झाला," मी म्हणाले. बाबा शेजारी बसून उगाच एक काज दुसऱ्यांदा शिवत होते.

"फोटो दिसला?"

"चाळीस सेकंद!"

"आणि पान्याचं? दाखवलं?"

"हो."

"अगदी सगळं?"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी काजाकडे बघितलं. "हो," मी म्हणाले.

"वा!" आई एवढी खूश झाली की मला कसंतरीच झालं. "मला वाटलं होतं कापतील. रविवारी सकाळी अकराला परत लागणार आहे ना, तेव्हा इथे मोठ्या जेवणघरात पडदा लावणार आहेत. जो मोकळा असेल तो येणार, तीनशे-चारशे जण तरी. मी पुढच्या रांगेत जागा धरलीय."

फोन कट झाला. बाबा म्हणाले, "तिला सांगायला हवं होतं आपण."

"काय सांगायचं? की चारशे माणसांत पुढच्या रांगेत बसून स्वतःला बेफिकीर म्हणवून घे?"

"मग काय करणार आहेस?"

"रविवारच्या आत तो भाग काढायला लावणार," मी म्हणाले, आणि तोफ परत आली. मला जाणवलंच ते. छातीतून.

बुधवारी मी वाहिनीला फोन केला. पहिल्या माणसाने दुसऱ्याकडे दिलं, दुसऱ्याने तिसरीकडे, तिसरीने गाणं लावलं. ते गाणं मी सतरा मिनिटं ऐकलं. गुरुवारी परत. तेच गाणं, आता पाठ झालं. गुरुवारी संध्याकाळी मी आत्याच्या दारात उभी राहिले.

"आत्या, त्या वाहिनीचं ऑफिस कुठेय?"

"तुला कशाला?" मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "त्यांचं टपाल माझ्याच हाताखालून जातं. बस बदलावी लागते. पण तुला दारातून आत कोण सोडणार? तिथला रखवालदार पोस्टमनलासुद्धा पाणी विचारत नाही."

"मी बोलेन ना."

"बोलशील गं, ते गल्लीला माहितीय." ती दोन मिनिटं नखाने दाराचा रंग खरवडत राहिली. मला वाटलं, आता टोमणा येणार. तिच्याकडे आईसाठी नेहमी एखादा तयार असतो: "आमच्या वहिनीबाई समुद्रावर आणि माझा भाऊ चुलीवर" वगैरे. पण ती म्हणाली, "कार्यक्रमाच्या शेवटी नावं येतात, त्यात कापाकापी करणारं कोण होतं?"

"संकलन. एक बाई आहेत. मी नाव लिहून घेतलंय."

"मग त्यांना पत्र लिही. रजिस्टर करू. माझी अर्धी रजा शिल्लक आहे, ती उद्या टाकते. आमच्या वहिनीला बेफिकीर म्हणायचा हक्क फक्त माझा आहे."

शुक्रवारी दुपारी आत्या गळ्यात पोस्टाचं ओळखपत्र लटकवून वाहिनीच्या दारात उभी राहिली आणि रखवालदाराला म्हणाली, "रजिस्टर आहे. ज्यांच्या नावे आहे त्यांचीच सही लागते. दुसऱ्याची चालत नाही." काउंटरवरची बाई स्वतः पत्र घेऊन का आली आणि तिच्याबरोबर शाळेच्या गणवेशात मुलगी का आहे, हे त्याने विचारलं नाही. हे सगळं नियमात बसतं का, हे मी आत्याला विचारलं नाही.

संकलक बाई दुसऱ्या मजल्यावर एका बिनखिडकीच्या खोलीत बसल्या होत्या. समोर तीन पडदे, केसांत खोचलेल्या दोन पेन्सिली, मांडीवर उघडा डबा आणि खोलीत एवढा गारठा की त्यांनी घरचा स्वेटर घातला होता. त्यांनी सही केली, पत्र उघडलं, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"तूच का दात पडलेली?"

"ते आले परत," मी म्हणाले.

"दिसतंय." त्यांनी पत्र पुढे वाचलं. "पाना तुझ्या आईचा नव्हता, असं लिहिलंयस."

"नव्हताच. माझी आई घरी टाचणीसुद्धा हरवू देत नाही. तुम्ही चुकीच्या माणसाचा चेहरा लावलात. रविवारी परत लागायच्या आत तो सगळा भाग काढून टाका. चारशे माणसं बघणार आहेत, आणि आई पुढच्या रांगेत बसणार आहे."

मी हे सेनापतीच्या आवाजात म्हणाले. शेजारच्या खोलीतून कोणीतरी दार लावून घेतलं.

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी डब्याला झाकण लावलं. "नशीब तुझं. नावांची एक पाटी चुकलीय, म्हणून आज पाचपर्यंत कार्यक्रम उघडा आहे माझ्याकडे. पाचला तो गेला की मग देवाने सांगितलं तरी बदलत नाही. ये, आपण मूळ चित्रण बघू. नौदलाने पास केलेलं आहे सगळं, लपवण्यासारखं काही नाही. चेहरा चुकीचा असेल तर मी स्वतः काढते. बसा हो, ताई, तुम्ही पण."

आत्या बसली. मी उभीच राहिले.

पडद्यावर आई होती, एकटी. कामाची पाळी संपलेली, तिचे सोबती पुढे निघून गेलेले, पाठमोरे दिसत होते. कॅमेरा लांबून कुठूनतरी टिपत होता, आईचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती डबा बंद करण्याआधी एकेका खाचेवरून बोट फिरवत होती. एक, दोन, तीन. घरी फळीवरून फिरवते तसंच. बोट बारावर थांबलं.

ती तशीच थांबली. आजूबाजूला कोणीच नव्हतं. झाकण लावून ती निघून गेली असती तर निदान त्या क्षणी तरी कोणाला काही कळलं नसतं. मी मनात म्हणत होते, पाना दुसऱ्या कोणीतरी नेला असेल, आता ती कोणालातरी हाक मारेल, विचारेल की तू घेतलास का.

आईने हात वर केला. सरळ, कानाला चिकटून, वर्गात करतात तसा. आणि वाऱ्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली, "माझा पाना! बारा नंबर! माझ्याकडून राहिलाय!"

म्हणजे तिचाच होता.

आत्याने माझ्याकडे बघितलं नाही, याबद्दल मी तिची आयुष्यभर ऋणी राहीन.

"थांबवू?" बाईंनी विचारलं.

"नको," मी म्हणाले. फार हळू.

पुढे भोंगा वाजला. धावपट्टीवर निघालेलं विमान थांबलं. माणसं वर आली, पिवळी, जांभळी, लाल, हिरवी, कारकून, भटारी, सगळी. रांग झाली. आई रांगेच्या मधोमध होती. एक फेरी, दुसरी, तिसरी, ऊन सरकत गेलं. चौथ्या फेरीला एप्रन घातलेला एक गोल माणूस खाली वाकला. डेकवर विमान साखळीने बांधायला वाटीसारखे खळगे असतात, त्यातल्या एकात तो पाना बसला होता. आणि ज्या विमानाचा आई त्या दिवशी शेवटचा बोल्ट आवळत होती, ते त्या खळग्यापासून चार पावलांवर उभं होतं, तोंड तिकडेच करून.

मग डेकप्रमुख आले. पिवळा अंगरखा, पांढऱ्या मिशा. त्यांनी पाना आईच्या हातात दिला. सगळ्यांदेखत आईने तो बारा नंबरच्या खाचेत बसवला, आणि डेकप्रमुख म्हणाले, "जिने थांबवलं, तीच सुरू करणार." आईने डेकच्या कडेला असलेल्या मनोऱ्याच्या भिंतीवरचं बटण दाबलं. भोंगा वाजला, आणि त्या शेकडो माणसांनी टाळ्या वाजवल्या, चार तास ऊन खाऊनसुद्धा. भटारी ओरडला, "पाव करपले माझे, पण सापडला!" आई हसत होती आणि बाहीने डोळे पुसत होती. टाळ्या कमी झाल्यावर डेकप्रमुख तिला म्हणाले, "तुमच्यामुळे कोणीतरी आज घरी जाणार आहे, बाई, आणि त्याला माहीतसुद्धा नाही."

पडदा काळा झाला.

"हे कापलंत?" आत्या म्हणाली. पोस्टात चुकीचा पिनकोड लिहून आणणाऱ्याशी ती ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात. "हे?"

बाई पेन्सिलीने कान खाजवत होत्या. "वेळ जास्त होत होता. भोंगा, चेहरा, रांग, एवढ्यानेही काम झालं असं तेव्हा वाटलं. आता बघताना..." त्या थांबल्या. "चुकलं माझं. काढते मी तो भाग, तू म्हणतेस तसा."

"नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की पेन्सील खाली पडली. "काढू नका. वाढवा. हात वर करते ते घाला. पाना परत ठेवते ते घाला. आणि 'बेफिकिरी' काढा."

"ते एक वाक्य पुसता येईल, खाली नुसता वाऱ्याचा आवाज ठेवू. पण वाढवायचं कसं? कार्यक्रम बावन्न मिनिटांचा. एक सेकंद इकडे नाही, एक तिकडे नाही. यांना कमीत कमी चाळीस सेकंद लागतील. चाळीस सेकंद आणायचे कुठून?"

"सूर्यास्त काढा. केवढा लांबलाय."

"त्याच्यावर संगीत आहे. कापलं तर कोणालाही कळेल."

"कप्तानांचं बोलणं?"

"करार आहे. हात लावता येत नाही."

"पाव? पाव किती वेळ भाजताय?"

"त्यावर निवेदन आहे. तो आवाज परत बोलवायचा तर त्यांना ताप आलाय, घरी झोपलेत." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. त्या पडद्यावरची कार्यक्रमाची पट्टी मागे-पुढे करत राहिल्या. मग त्यांचा हात एका ठिकाणी थांबला.

पडद्यावर मी होते. दोन दात पडलेली.

त्यांना सांगावं लागलं नाही. निवेदन नाही, संगीत नाही, करार नाही. अलगद उचलता येईल असा तो एकच तुकडा होता. चाळीस सेकंद. माझे.

खरं सांगते, मी लगेच हो म्हणाले नाही. मी मनात हिशेब केला की अर्धाच कापला तर? फोटो तरी ठेवला आणि बोलणं काढलं तर? परत बघायला वर्गातली ती मागची रांग बसली असेल, तेव्हा निदान फोटो तरी... मग मला आईचं बोट दिसलं, बारावर थांबलेलं. तिच्याकडेही तेवढाच वेळ होता आणि बघणारं कोणी नव्हतं.

"मला काढा," मी म्हणाले.

"नक्की?" बाई म्हणाल्या.

"काढा हो, ती परत दात पाडून येणार नाही आता," आत्या म्हणाली, आणि तिने माझ्या पाठीवर असा हात मारला की मला ठसका लागला.

पाचला तीन मिनिटं कमी असताना बाईंनी शेवटची कळ दाबली.

शनिवारभर मी चिठ्ठ्या कापल्या. बाबांकडे लेबलं कापायची छोटी कात्री असते, टोकदार, तिनेच कापल्या. त्यावर लिहिलं, "रविवार, सकाळी अकरा. पान्याची उरलेली गोष्ट. आलंच पाहिजे." आणि घरोघर गेले. किराणावाल्या काकांना मी म्हटलं, "तुम्ही तर पहिल्या खुर्चीवर बसायचं."

"दुकान कोण बघणार?"

"किल्ली चार मिनिटं हरवली असं समजा."

ते ओशाळून हसले. वर्गातल्या मागच्या रांगेला मी फोन करून सांगितलं, "सापडला. येऊन बघा."

रविवारी तेवीस जण आले. बाबांनी नवा शर्ट घातला होता, स्वतः शिवलेला, आणि काय बदललंय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. आत्याने मात्र गल्लीत अर्ध्या लोकांना सांगून टाकलं होतं, तरी ती कोणाला काही बोलू देत नव्हती. माझ्या फोटोची जागा आली आणि गेली. "अरे, हिचा फोटो होता ना इथे?" कोणीतरी म्हणालं. मी दाताखाली जीभ धरून बसले. मग रिकामी खाच आली, वाऱ्याचा आवाज आला, आणि आईने हात वर केला.

"माझा पाना! बारा नंबर! माझ्याकडून राहिलाय!"

भोंगा, रांग, एप्रनवाला, खळगा. पाना खाचेत बसला तेव्हा बाबांच्या तोंडून "टक" असा आवाज आला, खरंच, त्यांनाही कळलं नाही. पडद्यावर टाळ्या वाजल्या आणि दुकानात शांतता.

"बसलात काय?" आत्या मशीनवरून म्हणाली. "तिथल्या लोकांना ऊन लागलं होतं तरी वाजवल्या त्यांनी. तुम्ही तर सावलीत आहात."

मग वाजल्या. किराणावाले काका सगळ्यात शेवटपर्यंत वाजवत होते. मागच्या रांगेतल्या एकाने बोटं पँटला पुसली आणि पुटपुटला, "सोमवारी बाक पुसून देतो."

बाराला फोन वाजला. मागे एवढा कल्ला होता की आईला ओरडावं लागत होतं.

"अगं, सगळं दाखवलं! डेकप्रमुखांना तर खुर्चीवर उभं केलं लोकांनी! पण तुझा फोटो कुठे गेला? मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आता माझी लेक दिसेल, आता दिसेल..."

"मी काढायला लावला," मी म्हणाले. "पाना ठेवायला जागा हवी होती. मंगळवारी तू विचारलंस ना, सगळं दाखवलं का? तेव्हा मी खोटं बोलले. आधी दाखवलं नव्हतं. आधी तुला बेफिकीर म्हणाले होते."

पलीकडून नुसता कल्ला ऐकू येत राहिला. मला वाटलं, आई फोन ठेवून गेली.

"आई?"

"आहे मी." ती म्हणाली. "माझ्या झाकणात आहेच की फोटो. तो कोण कापणार?" मग मागे भोंगा वाजला. "ठेवते. वेचणी आहे."

मी फोन ठेवला आणि सहज भिंतीवरच्या फळीकडे बघितलं. मोठी कात्री, काजाची कात्री, दातेरी कात्री. शेवटचा आकार रिकामा. लेबलांची छोटी कात्री. शनिवारी मी चिठ्ठ्या कापल्या आणि... मला आठवेना. तेवीस माणसं चपला शोधत होती, ताग्यांवरची पोरं अनवाणी उड्या मारत होती, आणि बघत कोणीच नव्हतं.

मी हात वर केला. कानाला चिकटून.

"कोणीही जागचं हलू नका! छोटी कात्री! माझ्याकडून राहिलीय!"

बाबा होते तिथेच थांबले. किराणावाले काका एक पाय चपलेत आणि एक बाहेर असे उभे राहिले. आत्या पहिल्यांदाच स्वतःहून मशीनवरून उतरली.

"ऐकलं ना?" ती म्हणाली. "खांद्याला खांदा लावा. दारापासून मोरीपर्यंत. आणि काका, पोट आत घ्या, खालचं दिसलं पाहिजे."